वीतभर पातं, मनगटभर लाकूड

डिसेंबर लागला की विदर्भातला सगळ्यात खालचा पारा पुष्कळदा आपल्या गोंदियात नोंदला जातो, आणि नेमक्या ह्याच दिवसांत तुम्हा पोरांना तंबू घेऊन रात्र बाहेर काढायची ओढ लागते. जरूर जा. धानाच्या बांध्यांकाठी, तलावाच्या पाळीवर एक रात्र काढल्याशिवाय आपला मुलूख पुरता कळत नाही. निघण्याआधी तुमच्यापैकी कोणीतरी विचारतंच, "गुरुजी, घडीची करवत घ्यायची आहे. कोणती घेऊ?" शाळेत स्काउटची मुलं सांभाळण्यात माझी नोकरी गेली, आणि करवत धरायला मला आमच्या गावच्या वाढईबुवांनी शिकवलं, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. त्यांनी जे सांगितलं आणि पुढे वापरून मला जे पटलं, ते एकदा नीट सांगून ठेवतो.

वाढईबुवांचा मंत्र चार शब्दांचा होता: वीतभर पातं, मनगटभर लाकूड. ताणलेल्या अंगठ्यापासून करंगळीच्या टोकापर्यंत वीत, म्हणजे साधारण वीस सेंटिमीटर. मनगटभर म्हणजे पाच-सहा सेंटिमीटर जाडीचं, वाळकं, आपोआप खाली पडलेलं लाकूड. तंबूपाशी भात रांधायला आणि हात शेकायला ह्याहून जाड लाकूड लागत नाही. ह्याहून जाड लाकडाला हात लावायचा हक्कही बहुधा आपल्याला नसतो. करवत निवडताना हे माप डोक्यात ठेवा, म्हणजे दुकानदारानं दहा नमुने समोर मांडले तरी गोंधळ उडणार नाही.

कुठं चालवणार, ते आधी ठरवा

नागझिरा आणि नवेगाव मिळून २०१३ साली व्याघ्र प्रकल्प झाला. तिथं करवतीचं काहीही काम नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकूसुद्धा मोजला आहे. करवत शस्त्र आहे की अवजार, असा वाद फाटकावर घालत बसू नका. सफारीला जाताना ती घरीच ठेवा. अभयारण्याबाहेर राखीव जंगल असेल तर तिथंही भारतीय वन अधिनियम, १९२७ चं कलम २६ लागू आहे. झाड तोडणं, फांद्या छाटणं, आग पेटवणं, सगळ्याला मनाई आहे.

मग करवत चालवायची कुठं? आपल्या किंवा ओळखीच्या माणसाच्या वावरात, धुऱ्यावर, सांदवाडीत, बोडीच्या पाळीवर, आणि तेही मालकाला विचारून. गावाला वनहक्क कायदा, २००६ खाली सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर ग्रामसभेला विचारा. शेजारच्या गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावानं २००९ साली तो मिळवला, आपल्या देवरीकडच्या गावांनीही मिळवला. अशा गावात जंगल राखायची जबाबदारी ग्रामसभेनं उचललेली असते. कोणत्या बाजूची काडी उचलायची आणि कोणती सोडायची, हे गावकरी सांगतील. ते सांगतील तेवढंच उचला. पेनठाणा, म्हणजे गोंडांच्या देवाची जागा, असेल तिथली वाळकी काडीही उचलू नका. कचारगडला माघ पौर्णिमेच्या यात्रेला दूरदूरच्या राज्यांतून गोंड बांधव येतात; त्या डोंगरावर करवत पिशवीतून बाहेर काढू नये.

बांबूचं थोडं वेगळं आहे. २०१७ साली कायद्यात बदल झाला आणि जंगलाबाहेर वाढलेला बांबू 'झाड' ह्या व्याख्येतून वगळला गेला. शेतातला बांबू शेतकऱ्याच्या परवानगीनं तुम्ही कापू शकता. जंगलातल्या बांबूला ही सूट नाही.

आणखी एक. उभं वाळलेलं झाड मेलेलं दिसलं तरी रिकामं नसतं. त्याच्या ढोलीत घुबड असतं, पोपट असतो, तांबट असतो, आपल्या जंगलात उडणारी खारही असते. कोणत्या झाडात कोणाचं घर आहे हे गावातल्या जाणत्याला विचारावं. मारुती चितमपल्ली वनाधिकारी होते, तरी नवेगावबांधला माधवराव पाटील डोंगरवारांसोबत फिरून त्यांनी रान समजून घेतलं. आपण तर एका रात्रीचे पाहुणे. म्हणून उभ्या झाडाला करवत लावायची नाही. जमिनीवर पडलेलं तेच आपलं.

कुऱ्हाड का नको

जुनी माणसं कुऱ्हाड न्यायची, मग आपण का नेऊ नये, असं तुम्ही विचाराल. कुऱ्हाड रोज चालवणाऱ्याच्या हाती शोभते. वाळक्या धावड्यावर नवख्या माणसाचा घाव तिरपा बसला की पातं उसळतं, आणि समोर स्वतःचंच टोंगळं असतं. तंबूपाशी लाकडं कापायची वेळ बहुधा दिवेलागणीची, हात थंडीनं आखडलेले, आजूबाजूला मित्र उभे. अशा वेळी उगारून मारायचं हत्यार नको. करवत जिथं टेकवली तिथंच कापते, आवाज करत नाही, ढलप्या उडवत नाही, आणि घडी घातली की दप्तराच्या बाजूच्या कप्प्यात मावते. मनगटभर लाकूड फोडावंही लागत नाही. हातभर तुकडे केले की थेट चुलीत जातं.

आपलं लाकूड ओळखून करवत घ्या

परदेशी करवतींची जी तारीफ तुम्ही मोबाइलवर बघता, ती बहुतेक वेळा पाइन आणि बर्चवर कापून केलेली असते. ती लाकडं आपल्या मानानं मऊ. इथं तुमच्या हाती ऐन, धावडा, तेंदू, बीजा, साग लागणार. धावड्याच्या लाकडाचे कुऱ्हाडीचे दांडे आणि बैलगाडीचे आस होत आले आहेत, इतकं ते चिवट. सागात आणि बांबूत वाळूच्या जातीचं सिलिका असतं, ते दातांची धार खातं. म्हणून मऊ लाकडात पन्नास काप सहज देणारी करवत आपल्याकडे लवकर बोथट होते, आणि फार पातळ पातं कठीण लाकडात अडकून वाकतं. आपल्याला पातं जरा जाडसर, पोलाद चांगलं आणि दात मध्यम, अशीच करवत हवी.

लाकूड वाळलं आहे की नाही, हे कापायच्या आधी बघा. बारीक टोक मोडून पाहा. कट्‌कन मोडलं तर वाळकं, वाकून साल लोंबली तर ओलं. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की वाळकं लाकूड खणखणीत वाजतं. ओल्या लाकडावर करवत आणि काडेपेटी दोन्ही वाया जातात.

पातं वीतभरच का

करवतीचा प्रत्येक दात आपल्यापुढच्या पोकळीत भुसा धरतो आणि लाकडाबाहेर आला की सांडतो. दात बाहेरच आला नाही तर भुसा आतच ठासतो, पातं जड होतं आणि अडकतं. म्हणून पात्याची लांबी लाकडाच्या जाडीच्या दुपटीहून जास्त असावी. वीस सेंटिमीटरचं पातं सहा सेंटिमीटरच्या फांदीवर चालवलं तर प्रत्येक ओढीला चौदा सेंटिमीटर मोकळी चाल मिळते. तेच पातं सोळा सेंटिमीटरच्या ओंडक्यावर चालवलं तर चार सेंटिमीटरची चाल उरते, आणि माणूस नुसता घामाघूम होतो.

बारा-तेरा सेंटिमीटरच्या खिशातल्या करवती दिसायला देखण्या असतात. त्या बोटभर काड्यांना आणि तंबूच्या खुंट्या करायला ठीक. तीस-पस्तीस सेंटिमीटरची करवत बागाईतदाराच्या कामाची. तिनं मोठा ओंडका कापता येतो, आणि हातात असली की कापावासाही वाटतो. आपण मघाशी ठरवलेली मनगटभर लाकडाची मर्यादा वीतभर पात्यानंच पाळली जाते. अठरा ते एकवीस सेंटिमीटरमध्ये राहा.

पात्याचा आकार सरळ घ्या. वाकडं पातं उंचावरच्या फांदीत स्वतःहून रुतत जातं, म्हणून आंब्या-पेरूच्या छाटणीला ते चांगलं. जमिनीवर ठेवलेलं लाकूड कापायला सरळ पातं सोपं पडतं आणि नवशिक्याला ते ताब्यात राहतं.

दात मोजा आणि वरून बघा

दुकानात पट्टी मागा आणि एका इंचात किती दात बसतात ते मोजा. पाच-सहा दात असतील तर ती ओल्या, मऊ लाकडाची करवत. भरभर कापते, पण वाळक्या धावड्यावर उड्या मारते. दहा-बारा दात असतील तर काप गुळगुळीत येतो, बांबूच्या चिंबळ्या निघत नाहीत, पण जाड लाकडात वेळ फार जातो. सात-आठ दात आपल्या कामाचे. ज्यांचं मुख्य काम बांबूचं आहे, मांडव घालायचा आहे, खांब करायचे आहेत, त्यांनी मात्र बारीक दातांची वेगळी करवत ठेवावी.

मग पातं डोळ्यासमोर धरून टोकाकडून मुठीकडे बघा. दात आळीपाळीनं डावीकडे आणि उजवीकडे झुकलेले दिसले पाहिजेत, नाहीतर पातं दातांकडे जाड आणि पाठीकडे पातळ घासलेलं पाहिजे. दोन्हींचा हेतू एकच, कापाची चीर पात्याच्या पाठीहून रुंद व्हावी आणि पातं त्यात मोकळं फिरावं. दोन्हींपैकी काहीच नसेल तर ती करवत पहिल्याच फांदीत चिमटेल.

दातांचा रंगही बघा. टोकं निळसर-काळपट दिसली तर ते दात विजेच्या झटक्यानं तापवून कडक केलेले आहेत. अशी धार फार दिवस टिकते, पण गेली की गेली. कानस त्यावरून नुसती घसरते. अशा करवतीचं पातं बदलून मिळत असेल तरच ती घ्या. सगळे दात एकाच रंगाचे असतील तर त्रिकोणी कानस घेऊन गावचा वाढई त्यांना धार लावू शकतो. दोन्ही जाती चांगल्या. कोणती घेतली आणि तिची पुढची सोय काय, हे मात्र घेतानाच माहीत हवं.

ओढताना कापणारी घ्या

सुताराची मोठी हातकरवत पुढे ढकलताना कापते, म्हणून तिचं पातं रुंद आणि जाड असतं. घडीची चांगली करवत आपल्याकडे ओढताना कापते. ओढताना पातं ताणलं जातं, त्यामुळे ते वाकत नाही आणि कमी जोरात काम होतं. दातांची टोकं मुठीकडे झुकलेली आहेत का, ते बघा. वापरताना हेही लक्षात ठेवा की पुढे नेताना जोर लावायचाच नाही, नुसतं सरकवायचं. घडीच्या करवतीची पाती वाकतात आणि मोडतात ती बहुतेक वेळा पुढे रेटल्यामुळे.

खटक्यावर विश्वास बसला तरच पैसे द्या

घडीच्या करवतीत सगळ्यात महत्त्वाचा तो खटका. कापताना दातांवर येणारा जोर पातं उघडंच ठेवतो, म्हणून साध्या वापरात खटका कसा आहे ते कळत नाही. पातं लाकडात अडकतं, तुम्ही ते मागेपुढे हिसकता, तेव्हा कच्चा खटका सुटतो आणि पातं बोटांवर मिटतं. म्हणून दुकानातच परीक्षा घ्या. पातं उघडा, खटका बसल्याचा स्पष्ट आवाज ऐका. बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून, पात्याची पाठ लाकडी फळीवर टेकवा आणि मिटायच्या दिशेनं बेतानं दाबा. तसूभरही हललं नाही पाहिजे. मग टोक धरून डावी-उजवीकडे हलवा. किंचित लवचीकपणा चालेल, बिजागरीत खडखड चालणार नाही.

मिटलेल्या अवस्थेतही खटका बसला पाहिजे. तो नसला तर पिशवीत पातं आपोआप उघडतं, आणि तंबूचं कापड, पाण्याची पिशवी किंवा आत हात घालणाऱ्याची बोटं फाडतं. बिजागरीला रिपीट ठोकलेली असण्यापेक्षा स्क्रू-नट असलेला बरा. सैल झाला की घट्ट करता येतो, आणि पातं बदलायलाही तोच उघडतो.

मूठ आपल्या हाताची

मूठ धरून चारही बोटं आत बसतात का बघा. डिसेंबरात तुम्ही हातमोजे घालाल, तेव्हा हातमोजा घालूनही बघा. रबराची मूठ ओल्या हातातून सटकत नाही. लाकडाची मूठ हाताला ऊब देते, पण पावसाळ्यात फुगून पातं घट्ट बसतं. मुठीच्या टोकाला थोडा आकडा असावा, म्हणजे ओढताना हात मागे घसरत नाही. रंग केशरी, पिवळा, लाल असा भडक घ्या. हिरव्या-करड्या मुठीची करवत सागाच्या पानगळीत पडली की दिवसाउजेडीही सापडत नाही.

पैसे किती घालावेत

बाहेरच्या नावांतली दोन-तीन माहीत असू द्या. बाहको कंपनीची 'लॅपलँडर' एकोणीस सेंटिमीटर पात्याची, इंचात सात दातांची, आणि उघडी-मिटलेली दोन्ही वेळा खटका बसणारी आहे. म्हणजे वाढईबुवांच्या मापात ती नेमकी बसते. जपानची 'सिल्की' धारेला नामांकित. तिच्या 'गोमबॉय'चं पातं तीस सेंटिमीटरपर्यंत जातं, म्हणून घेताना लांबी विचारून घ्या. फ्रान्सच्या 'ओपिनेल'ची अठरा क्रमांकाची करवत अठरा सेंटिमीटरची, मूठ लाकडाची. ह्यांची किंमत काही हजारांच्या घरात जाते.

वर्षातून एकदोनदा जाणाऱ्यानं तेवढे पैसे घालायची गरज नाही. गोंदियाच्या बाजारात शेतीच्या अवजारांच्या दुकानात बागकामाची घडीची करवत काहीशे रुपयांत मिळते. वर सांगितलेल्या परीक्षेत ती उतरली तर बिनधास्त घ्या. परीक्षा नापास झालेली महाग करवत मात्र घेऊ नका. घरपोच मागवणार असाल तर आल्याबरोबर खटका तपासा आणि परत करायची मुदत संपायच्या आत सांदवाडीत वापरून बघा. विमानानं जाणार असाल तर ती हातातल्या पिशवीत ठेवू नका, सामानात द्या.

कापायची रीत

लाकूड उचलण्याआधी काठीनं हलवा आणि मग आपल्या बाजूनं नाही, पलीकडच्या बाजूनं उलटा. खाली विंचू असू शकतो, मण्यार किंवा घोणस असू शकते. वर बघायलाही विसरू नका. ज्या झाडाची एक वाळकी फांदी पडली त्याची दुसरी पडायच्या बेतात असते.

कापायचं लाकूड टोंगळ्यावर किंवा मांडीवर धरू नका. दुसऱ्या ओंडक्यावर आडवं टेकवा, पायानं दाबा, आणि कापायचा भाग आधाराच्या बाहेर येऊ द्या. आधार दोन्ही टोकांना असला आणि मधे कापलं, तर लाकूड खाली दबून पातं चिमटतं. मोकळ्या टोकाकडे कापलं की चीर आपोआप उघडत जाते. फांदी दोन्हीकडे टेकलेलीच असेल तर वरून थोडं कापा, उलटवा आणि दुसऱ्या बाजूनं पुरं करा.

सुरुवात मुठीजवळच्या दातांनी करा. दोन-तीन वेळा हलकेच ओढून खाच पाडा, मग पूर्ण लांबीनं चालवा. करवत लागते ती बहुतेक वेळा ह्या पहिल्या दोन ओढींत, खाच पडायच्या आधी पातं उडून धरलेल्या हाताच्या अंगठ्यावर येतं तेव्हा. म्हणून धरणारा हात कापापासून वीतभर लांब, आणि त्या हातात चामड्याचा हातमोजा. पातं तिरपं होऊ देऊ नका. खांदा, कोपर आणि पातं एका रेषेत ठेवा. शेवटचा बोटभर भाग उरला की वेग कमी करा. कापून झालं की आधी करवत मिटायची, मग लाकूड उचलायचं. उघडी करवत गवतात, दगडावर, कोणाच्या हाती, कुठंही ठेवायची नाही.

आपल्याच वावरात जिवंत फांदी छाटायची असेल तर तिची रीत वेगळी. खोडापासून वीतभर दूर आधी खालून एक तृतीयांश कापा, मग थोडं पुढे सरकून वरून. फांदी साल न सोलता तुटते. उरलेला खुंट खोडालगतचा फुगीर कडा शाबूत ठेवून काढा, म्हणजे झाड ती जखम स्वतः भरून काढतं. हात बसवायला सुबाभूळ किंवा घाणेरी कापा. दोन्ही बाहेरून आलेली, माजलेली झाडं. कापल्यानं कोणाचं नुकसान नाही आणि मालकही खूश.

ह्यांना करवत लावू नका

बिबा ओळखायला शिका. त्याच्या तेलानं कातडीला फोड येतात, धूरही त्रासदायक, आणि पात्याला लागलेलं तेल दुसऱ्याच्या हातालाही लागतं. गराडीचा पाला विषारी आहे. तिच्या काड्या स्वयंपाकाजवळ नकोत. कण्हेर सगळ्या अंगानं विषारी, तिच्या काडीवर काही भाजायचं नाही. तलावाकाठची बेशरम जनावरांना बाधते. तीही चुलीपासून दूर. शंका आली तर ते लाकूड सोडून द्या, दुसरं मिळेल.

बांबूचं पेर बंद असताना विस्तवात टाकू नका. आतली हवा आणि वाफ फुगून ते फटाक्यासारखं फुटतं आणि निखारे अंगावर येतात. आधी चिरा, मग जाळा.

घरी आल्यावर

चीक सुकून दातांत बसला की धार असूनही करवत कापत नाही. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्यानं पाठीकडून दातांकडे पुसा. दातांच्या पोकळ्या जुन्या दात घासायच्या ब्रशनं साफ करा. पाण्यानं धुतली असेल तर कोरडी करून उन्हात ठेवा, मग शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब बिजागरीत आणि पात्यावर पुसट हात. धानानंतर आपल्याकडे जवस होतो, घरात जवसाचं तेल असतं. ते पात्याला लावू नका. हवेत सुकून घट्ट होतं आणि खटका चिकटतो. लाकडी मुठीला मात्र तेच उत्तम. लावलेलं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, पसरून वाळवा. त्या तेलानं भिजलेल्या फडक्याचं बोचकं स्वतःहून तापून पेट घेऊ शकतं.

पावसाळ्याचे चार महिने करवत प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. आत दमट हवा कोंडते आणि पोलादाला गंज येतो. तेल लावून, जुन्या सुती कापडात गुंडाळून, कोरड्या जागी ठेवा. दसऱ्याला अवजारांची पूजा करता, त्या दिवशी तिची तपासणीही करून टाका: स्क्रू, खटका, दात, गंज. पुढच्या थंडीला ती तयार असते.

लहानांच्या हाती देताना

दहा-अकरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला करवत देताना आधी मिटायला आणि उघडायला शिकवा, कापायला नंतर. मोठ्या माणसानं लाकूड दोन्हीकडून घट्ट धरून ठेवावं आणि मुलाचा दुसरा हात पाठीमागे असावा. एका वेळी एकच मूल कापेल, बाकीचे दोन हात लांब बसतील. मुलानं कंटाळून जोर लावायला सुरुवात केली की थांबवा. मुलींना बाजूला बसवून मुलांनाच कापायला देऊ नका. रानात काडी गोळा करणाऱ्या बहुतेक बायाच असतात. हे अवजार त्यांच्या हातीही तितकंच शोभतं.

किती कापायचं

चार माणसांच्या एका वेळच्या स्वयंपाकाला आणि तासभराच्या शेकोटीला दोन्ही हातांत मावेल एवढा भारा पुरतो. बारीक काड्या हातानं मोडा, बोटाएवढ्या टोंगळ्यावर मोडा, मनगटाएवढ्यांनाच करवत लावा. भारा झाला की करवत पिशवीत. फेब्रुवारीपासून पानगळ सुकते आणि वणव्याचे दिवस लागतात. मोहफूल वेचणाऱ्यांच्या मेहनतीवर आपल्या एका ठिणगीनं पाणी पडू शकतं. त्या दिवसांत उघड्यावर विस्तव करूच नका, गॅसचा छोटा स्टोव्ह न्या.

थंडीतली शेकोटीही मोकळ्या मातीवर, पाला दोन हात झाडून, लहान करा. झोपण्याआधी पाणी ओता, काडीनं ढवळा, परत ओता, आणि हाताची पालथी बाजू राखेजवळ नेऊन ऊब लागते का बघा. ऊब लागली तर अजून पाणी ओता. राख गार झाली की तंबूत जा.